होडीतला ब्रेक

आमचे थोरले भावजी, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, तीस वर्षं मोटारी दुरुस्त करत आले. गॅरेज बंद केलं आणि जुनी होडी घेतली. खाडीवर उतारूंची ने-आण करायची, एवढाच ध्यास. पण तपासनीस होडीत बसून बघितल्याशिवाय परवाना देत नाहीत.

होडीचं इंजिन कधीच मेलं होतं. भावजींनी आपल्या मोडीतल्या मोटारीचं बसवलं. सोबत गिअर, हॉर्न, आरसा, सगळा संसार हलवला.

"होडीचं इंजिन वेगळं असतं म्हणे," जाऊबाई म्हणाल्या.

"इंजिनाला काय कळतंय, खाली डांबर आहे की पाणी?"

"त्याला नसेल कळत. तुम्हाला तरी कळू दे."

तपासणीच्या दिवशी आम्ही दोघी उतारू म्हणून बसलो. निघताना मी हात जोडले ते देवाला. भावजींना वाटलं, इंजिनाला. ते खूश झाले.

अर्ध्या खाडीपर्यंत झकास गेलो. मग रेडिएटर उकळला. मोटारीत त्याला समोरून वारा मिळतो, इथे बिचारा लाकडी खोक्यात कोंडलेला. वाफेतून तपासनीस म्हणाले, "काका, मोटार चढ चढते आणि उतारावर दम खाते. होडी सदा चढावरच. तिचं इंजिन त्या बेतानं करतात, आणि बाहेरच्या पाण्यावर गार ठेवतात."

एवढ्यात धक्का समोर आला. भावजींनी उजवा पाय सगळा जीव एकवटून फळीवर दाबला.

"लागत नाही," ते म्हणाले.

"काय लागत नाही?"

"ब्रेक."

"अहो, बसवलात कधी?" जाऊबाईंनी विचारलं, आणि आम्ही धक्क्यावर आदळलो. साहेबांचा चष्मा खाडीत गेला. परवाना अर्थातच नाही.

भावजींनी दोन दिवस खपून मोटारीचं इंजिन उतरवलं. तिसऱ्या दिवशी होडीचं इंजिन शोधायला निघाले. ते आणलं, बसवलं, आणि महिनाभर रोज धक्क्याला होडी लावायचा सराव केला.

दुसऱ्या तपासणीला वाफ नाही, धूर नाही. साहेबांचं लक्ष भावजींच्या पायाकडे गेलं. तिथे मोटारीच्या ब्रेकचं पेडल, कशालाच न जोडलेलं.

"हे कशाला?"

"पायाला सवय आहे, साहेब. तो तिथे गुंतला की हात आपलं काम करतात."

धक्का जवळ आला. पायानं पेडल दाबलं, हातानं उलटा गिअर टाकला, होडी अलगद टेकली. साहेब परवान्यावर सही करू लागले, तशी जाऊबाईंनी मला कोपरानं ढोसलं.

"त्यांचा पाय बघ."

साहेबांचा बूट अजून फळीवर गच्च रोवलेला होता.