फिल्टरमध्ये राहिलेले चार भाग

माया शेजवळबद्दल लिहायला बसले आणि पहिल्यांदा मला माझाच राग आला. अकरा वर्षं ही मुलगी माझ्या हाताखाली काम करते आहे आणि तिच्याबद्दल चार ओळी लिहायची बुद्धी मला निवृत्तीच्या तोंडावर झाली. मुलगी म्हणते खरी, पण ती आता छत्तीस वर्षांची आहे, तिचा लेक सातवीत आहे. मी उत्तरा देवस्थळी, राहणार नौपाडा, ठाणे. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकावर असतो, हे आमच्या प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगून टाकतं.

आमची प्रयोगशाळा छोटी, माजिवड्याला हायवेला लागून. औषध कंपन्यांसाठी आम्ही अतिसूक्ष्म कण तयार करतो. कॅन्सरचं औषध शिरेतून दिलं की ते अंगभर फिरतं. गाठीला लागतं तसंच केसांच्या मुळांनाही लागतं, आतड्यांनाही लागतं. म्हणून ते शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या पॉलिमरच्या कणात बंद करायचं आणि कणाच्या अंगावर असं रसायन चिकटवायचं, की गाठीच्या पेशी त्याला ओळखून आत घेतील. कण किती मोठा, तर केसाच्या जाडीचा पाचशेवा भाग. आमच्या भाषेत दीडशे नॅनोमीटर. याहून फार मोठा झाला तर यकृत त्याला वाटेतच पकडून ठेवतं आणि गाठीपर्यंत काही पोचत नाही. तेव्हा आमच्याकडे सगळा खेळ आकाराचा.

मायाची आई भीमाबाई हे सगळं एका वाक्यात सांगते. "आमची माया औषधावर पत्ता लिहिते," असं ती कोळसेवाडीतल्या शेजारणींना सांगते. मी चाळीस वर्षं यावर भाषणं दिली, इतकं सोपं मला कधी जमलं नाही.

माया कल्याणची. वडील धम्मपाल अंबरनाथला एका कारखान्यात फिटर होते. घरातली ती पहिली पदवीधर. मुलाखतीला आली तेव्हा मी तिच्यापुढे थेंब मोजून घ्यायचं पिपेट ठेवलं आणि जरा खोचकपणेच विचारलं, "हे धरता येतं का?"

"येतं मॅडम," ती म्हणाली. "पण तुमचं हे गळतंय."

बघितलं तर खरंच गळत होतं. मला भयंकर राग आला आणि मी तिला तिथल्या तिथे नोकरीवर घेतलं. नोकरी तंत्रज्ञाची, दर वर्षी नव्याने करार.

गेल्या वर्षीची गोष्ट. एका कंपनीसाठी आम्ही सहा महिने खपून कणांची कृती बसवली होती. शंभर मिलिलिटरच्या छोट्या बॅचमध्ये सगळं छान जमलं होतं. आता पाच लिटरची बॅच करून ती बाहेरगावच्या संस्थेत उंदरांवरच्या चाचणीसाठी पाठवायची होती. काम सलिलकडे होतं. सलिल पीएचडी, हुशार, जरा घाईचा. बॅच झाली, आकार मोजला, दीडशे. सोमवारी माल निघायचा होता.

गुरुवारी दुपारी माया माझ्या दारात उभी राहिली.

"मॅडम, सिरिंज जड जातेय."

"म्हणजे काय?"

"दाबायला जड जातेय. छोट्या बॅचला दोन बोटांनी जायची. आता दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. फिल्टरमध्ये काहीतरी राहतंय."

इथे आमची एक पद्धत सांगितली पाहिजे. कण मोजायचं यंत्र लेझरवर चालतं आणि त्यात धुळीचा एक कण गेला तरी आकडा बिघडतो. आमच्यासमोर हायवेवर रस्त्याचं खोदकाम सुरू झालं तेव्हा खिडक्या बंद करूनही धूळ आत यायची. म्हणून नियम झाला, की मोजायचा नमुना आधी सिरिंजच्या तोंडाला लावलेल्या बारीक फिल्टरमधून गाळायचा. दोनशे वीस नॅनोमीटरच्या वरचं काही त्यातून जात नाही. खोदकाम संपलं, नियम राहिला. गाळायचं काम रोज माया करायची.

सलिलला बोलावलं. तो म्हणाला, "मॅम, रीडिंग बघा ना, एकदम क्लीन आहे. फिल्टरचा लॉट खराब असेल."

मला ते पटलं. खरं म्हणजे मला ते पटवून घ्यायचं होतं. मी मायावर ओरडले. "अगं, सोमवारी माल जायचाय आणि तू मला अंगठा काय दाखवतेस? एवढं महागाचं यंत्र दीडशे म्हणतंय, ते खोटं का?" बाहेर चार माणसं काम थांबवून ऐकत होती. माया मान हलवून गेली. मला वाटलं, संपला विषय.

पुढच्या महिन्यात तिचा करार संपत होता आणि तो वाढवायची शिफारस सलिलच लिहिणार होता. हे तिला माहीत होतं. गप्प बसली असती तर तिला कुणी काही म्हटलं नसतं.

शुक्रवारी सकाळी मी आले तेव्हा माझ्या टेबलावर दोन छोट्या बाटल्या होत्या. एकीत दुधासारखं पांढरं. दुसरीत नीळ घातल्यासारखं पातळ, निळसर पाणी.

"एकाच बाटलीतलं आहे, मॅडम," माया म्हणाली. "हे गाळायच्या आधीचं, हे गाळल्यावरचं."

ती आणखी काही बोलली नसती तरी चाललं असतं, मला तिथेच सगळं कळलं होतं. लहान कणांचं पाणी निळसर दिसतं आणि मोठे कण आले की पांढरं होतं, हे मीच तिला शिकवलेलं. पण तिने कागदही पुढे केला. गाळण्याआधीचं आणि गाळल्यानंतरचं द्रावण ओव्हनमध्ये सुकवून तिने वजन केलं होतं, तीन तीन वेळा. दहा भागांतले चार भाग फिल्टरमध्येच राहत होते. शिवाय नमुन्याची नळी चार वेळा धुऊन, धूळ टाळून, न गाळता एक नमुना यंत्रात घातला होता. आलेखावर दोन उंचवटे होते, एक दीडशेला आणि एक सहाशेला.

म्हणजे मोजत होतो ते गाळलेलं आणि पाठवणार होतो ते न गाळलेलं. जवळजवळ अर्धा माल यकृतात अडकला असता, चाचणी फसली असती, आणि आम्ही दोष औषधाला दिला असता. एक चांगलं औषध आमच्यामुळे कायमचं बाद झालं असतं.

आणि तो फिल्टरचा नियम कुणी केला होता? मी. सही माझी होती.

"काल का नाही दाखवलंस हे?" मी विचारलं. आवाज अजून चढाच होता, ती सवय जात नाही.

"काल फक्त अंगठाच होता, मॅडम. तुम्ही ओरडलात, म्हणून वजन केलं."

"आणि कराराची भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण उंदरांनंतर हे माणसांत जाणार, नाही का?"

मी माल थांबवला. कंपनीला फोन करून सांगितलं, की आमचे आकडे चुकले आहेत आणि आम्हाला तीन आठवडे लागतील. सलिल दोन दिवस तोंड पाडून बसला. तिसऱ्या दिवशी मात्र तो स्वतः मायाच्या टेबलाशी जाऊन म्हणाला, "चल, मोठे का होतायत ते बघूया." तेवढा मोठेपणा त्याच्यात आहे.

कारण मायालाच सापडलं. छोट्या भांड्यात पॉलिमरचं द्रावण पाण्यात वरून थेंब थेंब सोडलं तरी चालायचं. मोठ्या भांड्यात थेंब वरच पसरायचे आणि तळाशी ढवळणाऱ्या पंख्यापर्यंत पोचायच्या आत गुठळी धरायचे. तिने थेंब सोडणारी सुई लांब केली आणि तिचं टोक पाण्याखाली, फिरत्या पंख्याच्या अगदी शेजारी नेऊन ठेवलं. तिसऱ्या प्रयत्नात पाच लिटर निळसर दिसायला लागलं. फिल्टर लावून तिने सिरिंज माझ्या हातात दिली. दोन बोटांनी गेली. मला तिचा इतका अभिमान वाटला, की डोळे पुसायला मी चष्म्याचं निमित्त केलं.

मग बैठक झाली. कंपनीकडून अपूर्व नावाचे तरुण अधिकारी आले होते, चेहरा गंभीर. मी उभी राहून सगळं सांगितलं. नियम माझा, चूक माझी, ओरडणं माझं, हेसुद्धा. मायाला मी शेजारीच बसवलं होतं. आमच्याकडे तंत्रज्ञ अशा बैठकांना बसत नाहीत, त्यामुळे ती खुर्चीच्या कडेवर बसली होती.

अपूर्व यांनी गाळण्याआधीचा आणि गाळल्यानंतरचा असे दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. "हे शोधलं कुणी?"

"माया शेजवळ यांनी," मी म्हणाले.

ते तिच्याकडे वळले. "डॉक्टर शेजवळ, यापुढच्या आमच्या सगळ्या बॅच तुम्हीच कराल का?"

"डॉक्टर नाही सर, बीएस्सी आहे," माया म्हणाली. मग ती खुर्चीत नीट मागे टेकून बसली. "करीन. पण रिपोर्टात आकडा गाळायच्या आधीचा लिहीन. तो वाईट आला तरी तोच लिहीन."