सासऱ्याच्या नावावरचं फॅट

स्वतःचं काम तपासण्याआधी मी एका बाईला चोर ठरवलं.

पारनेर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रासाठी नोंदीचं वेब पान मी लिहिलं होतं. नोंदी करणारी गावातलीच सून. एका गाईवाल्याच्या नावावर आठवड्यात तीनदा म्हशीच्या दुधाचं फॅट, म्हणजे जास्त भाव, दिसलं, आणि त्याच तीन दिवशी रांगेत त्याच्या मागे असणाऱ्या म्हैसवाल्या म्हातारीच्या नावापुढे काहीच नाही. गाईवाला तिचा सासरा. मला आणखी काय हवं होतं?

दोन सकाळी मी तिच्या बोटांवर नजर ठेवून उभा राहिलो. ती हसली तरी संशय, गप्प बसली तरी संशय.

रांगेतला एक जण कॅन आपटत म्हणाला, "काय गं, सासऱ्याच्या गाईला म्हशीचा गुन लागला व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो.

"भाऊ, मी नंबर बरोबरच टाकते," ती म्हणाली. "तुमीच बघा की."

"बघतोय," म्हणालो, आणि केंद्राच्या सचिवांना सांगून तिला कामावरून थांबवलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत मी बसलो. सासऱ्याची नोंद केली. मग म्हातारीचा सभासद नंबर, फॅट, सेव्ह. म्हातारीचं फॅट सासऱ्याच्या नावावर गेलं. माझ्याच हातून.

नंबर टाकला की ब्राउझरमधली माझी स्क्रिप्ट सर्व्हरला विचारायची, हा सभासद कोण? उत्तर आलं की ते एका न दिसणाऱ्या रकान्यात ठेवायची. सेव्ह केल्यावर सर्व्हर तो रकानाच वाचायचा, पडद्यावर टाकलेला नंबर नाही. केंद्र उघडताना नेट फार मंद असे. उत्तर यायच्या आत सेव्ह दाबलं, तर रकान्यात आधीचाच माणूस. रांगेत पहिला सासरा, दुसरी म्हातारी.

घरी येऊन चार ओळी बदलल्या. 'सर्व्हरचा प्रॉब्लेम होता,' एवढंच सचिवांना कळवलं. तिला परत बोलावलं गेलं, पण म्हातारी आता प्रत्येक आकडा दोनदा वाचून घ्यायची, आणि रांग कान देऊन ऐकायची. हे कळूनही मी तीन दिवस गेलो नाही.

चौथ्या सकाळी रांग भरलेली असताना गेलो.

"ताई, तुम्ही एकही नंबर चुकीचा टाकला नव्हता. घोळ मी लिहिलेल्या पानात होता. तो कळल्यावरही मी लपवला, आणि तुम्हाला या सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावली. मला माफ करा."