चौबळकाकांची पाटी

रोज सकाळी साडेसातला आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर, शाळेतली एक काळी पाटी टांगली जायची. तिच्यावर खडूने एकच शब्द लिहिलेला असायचा. 'उघडा' किंवा 'लावा'. लग्न होऊन मी अंबरनाथ पश्चिमेला राहायला आले आणि दुसऱ्याच दिवशी ती पाटी पाहिली. काही म्हणजे काहीच कळेना. काय उघडा? काय लावा? मला वाटलं पाण्याच्या टाकीचं काही असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी 'लावा' होतं आणि दुपारी दोनला त्याच पाटीवर 'उघडा'. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "खिडक्या गं. चौबळकाका सांगतात तसं करायचं. का ते मात्र विचारू नकोस, अर्धा तास जातो."

मी विचारलं. पाऊण तास गेला.

चौबळकाका म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात सगळी नोकरी झालेली. उंच, किडकिडीत, पांढरा हाफ सदरा, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी एक छोटा थर्मामीटर. त्यांच्या दाराबाहेर भिंतीवर एका लाकडी फळीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी लावलेले होते. एक साधा. दुसऱ्याच्या पाऱ्याच्या गोळीला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं आणि त्या फडक्याचं शेपूट खाली पाण्याच्या वाटीत सोडलेलं. "हा कोरडा, तो मी. ही ओली, ती तुमची काकू," काका सांगायचे. "आमच्या दोघांत अंतर जास्त, म्हणजे हवा कोरडी. अंतर कमी, म्हणजे हवा दमट. कोरडी असेल तर खिडक्या लावायच्या, पडदे भिजवायचे, कूलर चालवायचा. दमट असेल तर सगळं सताड उघडायचं आणि ओल्या फडक्याच्या नादी लागायचं नाही. कळलं?"

मी मान हलवली. कळलं नव्हतं. माझं माहेर बदलापूरचं. आमच्याकडे गरम झालं की गरम झालं म्हणायचे आणि आई लिंबाचं सरबत करायची, एवढंच मला ठाऊक. पण काकांसमोर "फार गरम होतंय हो" असं म्हणायची सोय नव्हती. लगेच विचारायचे, "कोरडं की ओलं?" वॉचमनला विचारायचे, दूधवाल्याला विचारायचे. एकदा सोसायटीच्या मीटिंगला वरच्या सुर्वेवहिनी घामाने निथळत आल्या, तर सगळ्यांच्या देखत त्यांनाही विचारलं. वहिनी म्हणाल्या, "काका, मला बघून कळत नाहीये का?" काका अजिबात ओशाळले नाहीत. म्हणाले, "तुम्हाला बघून घाम आलाय ते कळतं. तो वाळतोय का नाही, ते नाही कळत."

एकदा त्यांना नवा कूलर घ्यायचा होता. सोबत म्हणून मला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये घेऊन गेले. दुकानदार सिंधी, बोलायला एकदम गोड. म्हणाला, "काका, इसमें बरफ डालो, सीधा कश्मीर!" काकांनी पंपावर झाकण नीट बसतंय का ते पाहिलं, गवताची जाळी वास घेऊन पाहिली, मग खिशातून थर्मामीटर काढला, रुमाल भिजवून त्याला गुंडाळला आणि चालू कूलरसमोर धरून उभे राहिले. पाच मिनिटं. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. "और हवा दमट होगी तब क्या करेगा ये?" काकांनी विचारलं. दुकानदार माझ्याकडे बघत म्हणाला, "अरे साईं, इनको कूलर लेना है कि मेरा इम्तिहान लेना है?" मला हसावं की मान खाली घालावी तेच कळेना. काकांनी मात्र कूलर घेतला आणि जाताना त्याला शाबासकी दिली. "कम से कम झूठ तो नहीं बोला," म्हणाले.

ह्या सगळ्या उपद्व्यापाला कारण होतं, ते मला बरेच दिवस कुणी सांगितलं नव्हतं. एका मोठ्या दुखण्यानंतर काकूंना घाम येईनासा झाला होता. आपण उन्हाळ्यात घामाला शिव्या घालतो. काकूंच्या अंगाला उष्णता बाहेर टाकायची वाटच उरली नव्हती. डॉक्टरांनी काकांना बजावलं होतं की ह्यांना झळ लागली तर जिवावर बेतेल. एसीने त्यांचे सांधे असे धरायचे की पलंगावरून उठता यायचं नाही. म्हणून काकांनी हे आपलं तंत्र काढलं होतं. कोरड्या दिवशी काकूंच्या अंगावर ओला पंचा घालायचा, खिडक्या लावून कूलर सोडायचा. दमट दिवशी पंचा काढून वारा खेळता ठेवायचा. बाकी इमारतीला पाटी होती ती केवळ शेजारधर्म म्हणून. मुळात ती एका माणसासाठी होती, आणि हे कळल्यावर मला काकांवर हसल्याची लाज वाटली.

काकांचा एक नियम होता, तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. "आधी बोट, मग आकडा." म्हणजे थर्मामीटर वाचायच्या आधी फडक्याला बोट लावून ते ओलं आहे ना ते बघायचं. "फडकं वाळलं असेल तर ओलाही कोरड्यासारखाच वागतो. दोघं एकच आकडा दाखवतात. आणि आपल्याला वाटतं, हवा किती दमट!"

त्या वर्षी मे महिन्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आठ दिवस वाकायचं नाही, डोळ्यांना ताण द्यायचा नाही. मी शाळेत शिकवते, सुट्टी होती, त्यामुळे काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी वाटी भरायची, सकाळी आकडे वाचायचे, दारातून काकांना सांगायचे, ते म्हणतील तो शब्द पाटीवर लिहायचा. "मास्तरीणबाई आहेस, अक्षर तरी चांगलं येईल," काका म्हणाले.

शुक्रवारी आमच्याकडे नळाला पाणी नसायचं. त्या शुक्रवारी संध्याकाळी मी वाटी भरली का? तांब्या घेऊन खाली उतरल्याचं आठवतं. सुर्वेवहिनी जिन्यात भेटल्याचं, आंब्यांवरून बोलत उभं राहिल्याचं आठवतं. ओतल्याचं आठवत नाही. इतक्यांदा ती सांज मनात उलगडून बघितली आहे की आता खरं काय झालं आणि मी काय रचलं तेही वेगळं करता येत नाही.

शनिवारची सकाळ मात्र स्पष्ट आठवते. मी गॅसवर दूध ठेवून धावत खाली आले होते. कोरडा एकतीस, ओला साडेतीस. दारातून ओरडून सांगितलं. आतून काकांचा आवाज आला.

"साडेतीस? एवढं ओलं? नीट बघ."

"बघितलं काका."

"फडक्याला बोट लावलंस?"

"हो," मी म्हटलं. लावलं नव्हतं. दूध उतू जाईल ह्याची भीती होती, दुसरं काही नाही.

"मग 'उघडा' लिही," काका म्हणाले.

मी छान वळणदार अक्षरात 'उघडा' लिहिलं आणि वर पळाले. दूध उतू गेलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला कपडे वाळत घातले. अर्ध्या तासात टॉवेल पापडासारखा कडक झाला. ओठ तडतडत होते. पूर्वेकडून झळा येत होत्या आणि इमारतीतल्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. सुर्वेवहिनींनी गॅलरीतून विचारलं, "अगं, आज नक्की काय ते? भट्टीत बसल्यासारखं झालंय." मी म्हटलं, "पाटीवर 'उघडा' आहे ना." हातात तो कडक टॉवेल धरून मी हे म्हटलं. आज ह्याचंच सगळ्यात नवल वाटतं. माझी कातडी सांगत होती, टॉवेल सांगत होता, आणि मी पाटीचं ऐकत होते. ती पाटी तर मीच लिहिली होती!

तीनला खालून काकांची हाक आली. तशी हाक मी त्यांची कधी ऐकली नव्हती. काकू पलंगावर पडल्या होत्या. चेहरा लालबुंद, अंग तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. "ह्यांचा डबा भरायचाय, कंपनीची गाडी येईल," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. काका भिंत चाचपत दाराबाहेर गेले आणि फडक्याला बोट लावलं. "कोरडं आहे," एवढंच म्हणाले. मग पिंपातलं होतं नव्हतं ते पाणी आम्ही काकूंच्या अंगावर ओतलं, ओल्या चादरीत गुंडाळून त्यांना रिक्षात घातलं. रिक्षात काका एका हाताने त्यांना वर्तमानपत्राने वारा घालत होते आणि दुसऱ्या हाताने, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा तो हिरवा काळा चष्मा असताना, त्यांचा चेहरा शोधत होते.

काकू वाचतील, असं डॉक्टर चार दिवसांनी म्हणाले. त्या चार दिवसांत मी नीट जेवले नाही. पाचव्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी काकांना सांगून टाकलं, "काका, मी बोट लावलं नव्हतं. खोटं बोलले."

"मला कळलं होतं," काका म्हणाले.

"कसं?" मी विचारलं.

"तुझं 'हो' फार लवकर आलं. नोकरीभर पोरांचे 'हो' ऐकलेत मी. ज्याने खरंच हात लावलेला असतो तो आठवायला क्षणभर थांबतो. मला कळलं आणि मी सोडून दिलं. म्हटलं, कशाला पोरीला परत खाली बोलवा. माझ्या पलंगापासून ते फळीपर्यंत बारा पावलं आहेत गं. ती मी चालायला हवी होती. चूक माझी."

हे क्षमा करणं होतं की रागावणं, मला तेव्हाही समजलं नाही, आजही समजत नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. त्याहून मोठा घोळ पुढच्या आठवड्यात झाला. काकांचे डोळे बरे झाले, आणि त्यांनी पाटी आणि खडू माझ्या हातात ठेवले. "आता तूच बघायचं." मी म्हटलं, "काका, मी? का?" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी 'का' ह्या प्रश्नाला अर्धा तास घेतला नाही. "वाटी भर," म्हणाले आणि आत गेले.

पुढचे दोन उन्हाळे मी पाटी लिहिली. काका खुर्चीत बसून ऐकायचे. दरवेळी विचारायचे, "बोट?" आणि मी उत्तर द्यायच्या आधी खरोखरच क्षणभर थांबायचे. उन्हाळ्याशी जन्मभर भांडलेला तो माणूस गेला मात्र जानेवारीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात खुर्ची टाकून बसले होते, तिथेच. मी रडले, खूप रडले. जे विचारायचं होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

परवा काकूंनी मला हाक मारून जवळ बसवलं. त्या आता फार थकल्यात. माझा हात धरून म्हणाल्या, "तुला एक सांगायचं राहिलंय. त्या शुक्रवारी वाटीत पाणी होतं. तू भरलं होतंस. मी ते तुळशीला घातलं. नळाला पाणी नव्हतं आणि पिंपातलं घेतलं की हे ओरडायचे. वाटी जागेवर ठेवली आणि विसरले. ह्यांना कधी बोलले नाही. ते म्हणाले असते, चूक माझी. आणि मला ते ऐकायचं नव्हतं."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मग जिना चढताना मधल्याच पायरीवर थांबले. त्या मे महिन्यात काकूंच्या कुंडीत तुळस होती का? मला आठवतं त्याप्रमाणे तुळस आधीच्या हिवाळ्यात वाळून गेली होती आणि कुंडीत काकू कपड्यांचे चिमटे ठेवायच्या. आत्ताची तुळस मीच आणून दिली, काका गेल्यावर. की मधे एखादी होती? सुर्वेवहिनींना विचारता येईल. विचारलं नाही. विचारणारही नाही.

आज सकाळी साडेसातला मी पाटी घेऊन खाली आले. काकू दाराला धरून उभ्या होत्या.

"काय गं, आज उघडू का लावू?"

"थांबा काकू," मी म्हटलं, "अजून बोट लावलं नाही."