मांजरीला सांगितलेलं

लग्न होऊन मी निर्मळ गावी आले तेव्हा सासरे आणि शेजारी राहणारे त्यांचे धाकटे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. पाटाच्या पाण्यावरून बिनसलं होतं. पुरुष बोलत नाहीत म्हटल्यावर बायकांनी बोलणं बरं दिसलं नसतं. म्हणून सासूबाई कुंपणाशी उभ्या राहून मांजरीशी बोलायच्या आणि पलीकडून धाकट्या सासूबाई कोंबड्यांना उत्तर द्यायच्या. कोणाला ताप आला, कोणाच्या मुलीला बघायला आले, सगळं असंच पोचायचं. लेकी बोले सुने लागे हे मला माहीत होतं. इथे लेकीच्या जागी मांजर होती. मी फुलपाड्याची, शहरातल्या बिल्डिंगमधली. आमच्याकडे भांडण झालं की दार लावून घेतात. मला हा पोरखेळ वाटायचा.

गेल्या वर्षी सासऱ्यांना बायपास सांगितली. लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं, पण सासरे तयारच होईनात. "वाडीला पानी कोन देनार?" एवढंच म्हणायचे. आम्ही वाडीतल्या केळींना पाणी द्यायला उमेळे गावचा एक माणूस ठरवला. तर म्हणाले, "त्याला काय जमनार!" मी चिडले. जिवापेक्षा केळी मोठ्या झाल्या का, असं तोंडावर बोलले.

सासूबाईंनी मला आत ओढलं. "घाबरलेत ते. पुरुषमानूस भीती वाटते म्हनून सांगतो काय? तो पान्याचंच सांगनार."

मग त्या कुंपणाशी गेल्या. मांजर तिथे नव्हतीच, तरी बोलल्या. "ऑपरेशनला जात नाय म्हनतात. वाडीला पानी कोन देनार म्हनतात." पलीकडे धाकट्या सासूबाई दाणे टाकत होत्या. त्या हात झटकून घरात गेल्या. माझा धीरच सुटला.

संध्याकाळी धाकटे सासरे आमच्या पायरीशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांनी भेटलेले सख्खे भाऊ, आणि बोलले काय, तर मोटर. प्रेशर कमी येतं, पाईप बदलायला हवा, खालच्या केळींना पाणी पोचत नाही. आजाराचा एक शब्द नाही. दाराआडून मला ओरडावंसं वाटत होतं. सासूबाई मात्र शांतपणे तांदूळ निवडत होत्या.

"मोटरच्या खोलीची चावी दे," धाकटे म्हणाले.

ती चावी सासरे माझ्या नवऱ्यालाही देत नसत. त्यांनी ती खिशातून काढून दिली.

मी चहाला थांबा म्हटलं. धाकटे चपला घालत म्हणाले, "आता नको. हा घरी आला की दोघं घेऊ."

ते वळूनही न बघता गेले. सासरे बराच वेळ त्यांच्या पाठीकडे बघत बसले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"