इंग्लंडात पुरलेल्या भावाची भाऊबीज

मुलांनो, या भाऊबीजेला तुमच्यातला थोरला इंग्लंडमधल्या एका खेड्यात, चर्चमागच्या कबरींमध्ये फोन धरून उभा होता. फोनच्या या बाजूला, तळासरीत, काय चाललं होतं ते त्यालाही नीट दिसलं नसेल, म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी लिहून ठेवते.

माझे मोठे काका दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. एका उड्डाणावरून परतताना त्यांचं विमान इंग्लंडातच पडलं आणि डहाणूच्या घरी तार आली. दहन कुठे झालं, अस्थींचं काय झालं, हे विचारायचं कुणाला तेही घरात माहीत नव्हतं. माझी आत्या तेव्हा परकरात होती. आता नव्वदी ओलांडून ती तळासरीला मुलाकडे असते. माझे वडील होते तोवर त्यांना ओवाळायची. ते गेल्यावर, भाऊ नसलेल्या बायका करतात तसं चंद्राला ओवाळू लागली. पण दर वर्षी म्हणायची, "मी जाण्याआधी मोठ्याला एकदा ओवाळायचंय. कुठे आहे तेवढं कळू दे."

थोरल्याने शोध घेतला आणि दिवाळीआधी फोटो पाठवला. हिरवळ, पांढरा दगड, दगडावर काकांचं नाव. म्हणजे त्यांना पुरलं होतं. आमच्या घरात मोठ्या माणसाला कधी पुरलेलं नाही. आत्याला हे कसं सांगावं ते मला सुचेना. शेवटी फोटोची प्रिंट काढली आणि एसटीने तळासरीला गेले.

आत्याने फोटो डोळ्यांजवळ धरला.

"जाळलं नाही त्याला?"

"नाही. तिथे पुरतात."

तिने फोटो मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "लहान मुलांना आपल्यातही पुरतातच की. तो तरी कुठे मोठा होता." पुन्हा फोटोकडे बघून म्हणाली, "म्हणजे आहे तिथे. गवत कोण कापतं?"

"तिथलीच माणसं."

"त्यांना माझा नमस्कार सांग. आणि नातवाला म्हणावं, भाऊबीजेला तिथे जा. यंदा चंद्र राहू दे."

भाऊबीजेच्या दिवशी सकाळपासून तिने नुसता चहा घेतला. संध्याकाळी पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि पाटावर तांब्याला टेकवून फोन ठेवला. तिकडे दुपार होती. चित्र सारखं हलत होतं.

"इंग्रजीत एमए झालीस, फोन सरळ ठेवता येत नाही?"

"त्याच्या हातात हलतोय, आत्या. थंडी आहे तिकडे."

थोरल्याने खिशातून अक्षतांसाठी तांदूळ काढले. तो ते टाकणार तेवढ्यात आत्या म्हणाली, "थांब रे बाळा. डोकं कुठल्या बाजूला?"

"दगडाच्या बाजूला असतं," मी म्हणाले.

"मग दगडापाशी टाक. पायांवर नको."

त्याने वाकून तांदूळ दगडापाशी टाकले. आत्याचे हात कापतात म्हणून तिच्या सुनेने तबकाला खालून हात लावला. आत्याने तो मानेनेच बाजूला करायला सांगितला आणि फोनसमोर निरांजन ओवाळलं, अगदी सावकाश. फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता.

"झालं," ती म्हणाली. "आता पोराला घरी जाऊ दे. गारठला असेल."

तबक ठेवून ती भिंतीला टेकून बसली. सुनेने विचारलं, "पान वाढू का?"

"वाढ," आत्या म्हणाली. "भूक लागलीये."