फोटोत रफिकभाई कुठे आहेत?

फोनची मेमरी भरली की फोटो डिलीट करता येतात. किश्श्यांचं तसं नाही! आमच्या संडे ग्रुपचे किस्से इतके साचलेत की नुसता चहाचा कप उचलला तरी एखादा बाहेर पडतो.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. रिटायर्ड मुख्याध्यापक वानखडे सर, दवाखान्यातल्या सिस्टर सुनंदाताई, टेलर रफिकभाई आणि सरकारी फायलींतून रविवारपुरता सुटणारा मी. सकाळी मंगरूळपीरच्या स्टँडवर चहा घ्यायचा आणि पायी पायी गावाबाहेरची एखादी टेकडी नाहीतर तलाव गाठायचा. तिथे फोन काढायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबलचक पॅनोरमा! हे वेड रफिकभाईंनी लावलं. "कापड असो का डोंगर, हात सिधा चालला पाह्यजे!" असं ते शिकवायचे.

*

माझा पहिलावहिला पॅनोरमा. रस्त्याच्या कडेला उभा राहून मी फोन डावीकडून उजवीकडे फिरवायला लागलो. नेमकी तेव्हाच, त्याच दिशेने, इंझोरीकडे जाणारी एसटी निघाली. मी फिरवतोय, ती पळतेय!

फोटो पाहिला तर बस संपतच नव्हती. खिडकीमागून खिडकी, खिडकीमागून खिडकी. रफिकभाई रस्त्यावरच ओरडले, "मुबारक हो! इंझोरीले रेल्वे आली!"

*

एकदा टेकडीच्या पायथ्याशी एक आजी बकरी चारत होती. सुनंदाताईंनी पॅनोरमा सुरू केला आणि बकरीही मोबाइलच्या वेगाने चालायला लागली. फोटोत बकरी भलतीच लांब आली, आणि पाय इतके की विचारू नका.

ताईंनी कौतुकाने आजीला दाखवलं. आजीने फोटो पाहिला, बकरी पाहिली, परत फोटो पाहिला आणि म्हणाली, "पायाचं काय करू, बाई? थन वाढले का, थे पाह्य ना!"

*

धुक्याचा किस्सा तर कहर आहे. रफिकभाईंनी तलावाचा एक फोटो स्टेटसला टाकला. काय तो पांढुरका उजेड, काय ती धुरकट झाडं! दिवसभर लोकांचे मेसेज, "कोणतं हिल स्टेशन हाय हे?" रफिकभाई उत्तरही देईनात, इतके फुगले होते.

संध्याकाळी सुनंदाताईंनी ग्रुपवर लिहिलं, "भाई, थंड हवेचं ठिकाण नाही थे. मी आणलेल्या भज्याचं तेल हाय. लेन्स पुसा!"

*

वानखडे सरांचं वेगळंच. पॅनोरमा काढताना सर श्वास रोखून धरतात. स्क्रीनवरचा बाण मधल्या रेघेवरून ढळता कामा नये! बोलत नाहीत, इकडे तिकडे बघत नाहीत, नाकावर माशी बसली तरी हलत नाहीत.

एकदा फोटो चांगलाच लांबला. सरांचा चेहरा लालबुंद. सुनंदाताईंनी घाबरून सरळ त्यांची नाडी धरली. फोटो संपल्यावर सर फुसकन श्वास सोडून रागावले, "सिस्टर, हात हलला असता ना माहा!"

"सर, मले वाटलं आता तुमीच हलत नाही!"

*

आणि आता रफिकभाईंचा शीरखुर्मा.

रफिकभाईंना शुगर निघाली होती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून तर ते आमच्यात आले. पण त्यांच्या फोनमधले सगळे फोटो तेच काढणार, त्यामुळे स्वतः एकाही फोटोत नाहीत! हसीनाभाभींना संशय यायला लागला, की हा माणूस स्टँडवर चहा पीत बसतो आणि दुसऱ्यांचे फोटो आणून दाखवतो. भाभींनी निकाल दिला, "डोंगर दिसते, सर दिसते, सिस्टर दिसते. तुमी कुठी दिसत नाही. चालता याचा पुरावा दाखवा, नाही तं ईदले शीरखुर्मा बंद!"

रफिकभाई हवालदिल झाले. वर्षभर गोड सोडलेला माणूस, त्या एका वाटीवर तर जीव होता! रमजानच्या आधीचा शेवटचा रविवार उजाडला; रोजे सुरू झाले की फिरणं बंद. तलावाकाठी पळस नुसता पेटला होता. फोन वानखडे सरांच्या हातात दिला आणि रफिकभाई डावीकडे बाभळीखाली जाऊन उभे राहिले, नवा शर्ट घालून.

सरांनी श्वास रोखला. फोन हळूहळू फिरायला लागला.

फोन पुढे सरकताच बाभळीखालून आवाज आला, "सर, आलो का मी?"

सर बोलणार कसे! रफिकभाईंना वाटलं, आपण हुकलो. ते सरांच्या पाठीमागून पळत पुढे आले आणि खडकावर उभे राहिले. "आता आलो का?" फोन पुढेच सरकला. रफिकभाई परत पळाले, पाण्यापाशी उभे राहिले. "सर, बोला ना! आलो का?" सर लालबुंद. शेवटी धापा टाकत रफिकभाईंनी उजवीकडचा पळस गाठला आणि दोन्ही हात वर केले. मी आणि सुनंदाताई तोंडावर रुमाल धरून खाली बसलो होतो.

फोटो मात्र असा आला म्हणता! अख्खा तलाव, लालभडक पळस, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रफिकभाईच रफिकभाई. ते आनंदाने जवळजवळ नाचलेच. "एक मागितला होता, किती पुरावे भेटले पाहा!"

तिथून आम्ही चौघंही थेट त्यांच्या घरी. हसीनाभाभींनी फोन हातात घेतला. बोटांनी फोटो मोठा केला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवला. रफिकभाई श्वास रोखून उभे, अगदी वानखडे सरांसारखे.

भाभींनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, "बाभळीखाली उभे, खडकावर उभे, पाण्यापाशी उभे, पळसाखाली उभे. सारीकडं उभेच हाय तुमी! मंग चालले कव्हा?"