फांदीखालचा दगड

१९२९ साली, होळी झाली त्याच आठवड्यात, अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चिंचेची वाळलेली फांदी पडली. तिच्याखाली माझा दगड होता. माझ्या धाकट्या जावेचा तेव्हा सातवा महिना सरत आला होता.

दगडाचे आधी सांगते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना चिंचेची झाडे होती. झाडे सरकारी. फळाचा दरवर्षी लिलाव होई आणि घेणारा ठेकेदार आपला राखणदार बसवी. उभ्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही. वाळून आपोआप पडेल ते नेणाऱ्याचे. शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीचे बरेचसे सरपण तिथूनच येई. झाडावर एखादी फांदी वाळलेली दिसली की पहिल्यांदा पाहणारी बाई तिच्याखाली दगड ठेवी. मग ती फांदी तिची. पडेल तेव्हा पडेल. दगडवालीने स्वतः दगड उचलल्याशिवाय दुसरी कोणी तिला हात लावत नसे. होळीचे दिवस मात्र यातून वगळलेले होते. होळीला पोरे दगड बघत नसत, मिळेल ते लाकूड ओढून नेत.

फाल्गुनात त्याच झाडांखाली चिंच फोडायचे काम निघे. ठेकेदाराची माणसे चिंचांचे ढीग घालत. आम्ही लाकडी मोगरीने टरफल फोडायचे, शिरा ओढायच्या, चिंचोके काढून गर वेगळा करायचा. गर ठेकेदाराचा, चिंचोके आमचे, तीच मजुरी. थोडे भाजून खायचे, बाकीचे घोंगडी विणणाऱ्यांच्या घरी घालायचे. ते चिंचोके दळून त्यांची खळ करत आणि लोकरीच्या ताण्याला चोळत.

ती फांदी मला सासूबाईंनीच दाखवली होती, माझ्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी.

"बाळंतिणीच्या बाजंखाली चिंचंचं लाकूड पायजे," त्या म्हणाल्या. "बाभळीचा इस्तू लगेच राख हुतो. चिंचंचा रातभर ऱ्हातो. ठिव दगड."

मी ठेवला. दर फाल्गुनात कामाला गेले की आधी तो सरळ करून ठेवी. फांदी मांडीएवढी जाड होती, तिची साल गळून गेली होती, आणि ती पडत नव्हती. मलाही मूल झाले नाही.

आमच्यात मोळ्या विकणारी एक बाई बसे. "का गं," ती मोगरी थांबवून विचारी, "तुजी फांदी आन तू, दोगी बी हलंना झाला की!" सगळ्या हसत. मीही हसे.

धाकटी जाऊ जेऊरकडच्या एका खेड्यातली. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, त्यामुळे पहिले बाळंतपण माहेरी होण्यासारखे नव्हते. लग्नाला वर्ष होते न होते तोच तिला दिवस गेले. ती मला अक्का म्हणे. कामाला वाघ होती आणि उलट कधी बोलत नसे. तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती, हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले होते.

तिला चिंचोक्यांचे डोहाळे लागले. सासूबाई वाळू तापवून चिंचोके भाजत, त्यांची साल काढत आणि मऊ व्हावेत म्हणून रात्रभर पाण्यात घालून ठेवत. त्या घरात मी इतकी वर्षे चिंचोके खाल्ले ते दातांनी फोडून. झाडाखाली बसल्या बसल्या सासूबाई ढिगातली गाभुळलेली चिंच निवडून पदराखाली घेत. राखणदार दुसरीकडे बघे. चिंच कोणासाठी आहे हे त्यालाही माहीत झाले होते. दीर मिलमधून आला की त्याची नजर आधी तिला शोधी. माझे यजमान आले की आधी पाण्याचा तांब्या शोधत.

तिच्या ओटभरणाला ओटी भरण्याचा मान थोरली म्हणून माझा होता. पण ओटी भरायला लेकुरवाळी लागते. सासूबाईंनी शेजारणीला बोलावले. मी आत पुरण शिजवत होते. बाहेरची गाणी आत स्पष्ट ऐकू येत होती.

त्यानंतर चार-सहा दिवसांत फांदी पडली. बातमी मोळीवालीने आणली. संध्याकाळी मी भाकऱ्या थापत असताना सासूबाई येऊन चुलीपाशी बसल्या.

"पडली म्हनं तुजी फांदी."

"व्हय, पडली."

"येळंला पडली बग. उद्या दगड उचल. धाकलीला लागंल आता."

"दगड माजा हाय, आत्याबाई."

"तुजा हाय म्हनून तर तुला सांगतीया. न्हाईतर मीच उचलला नसता व्हय?"

तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी ती उलटली नाही आणि मीही उलटली नाही. जाऊ दाराशी तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळे ऐकले होते. ती उठून पाणी भरायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेले, पण दगड उचलला नाही. त्यानंतरही नाही. फांदी रस्त्याच्या कडेला आडवी होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तिला वळसा घालून जात. घरात सासूबाई माझ्याशी थेट बोलेनाशा झाल्या. "तुज्या अक्काला म्हनावं, सरपान संपलं," असे त्या माझ्यादेखत जावेला सांगत. जाऊ माझ्याकडे वळून काही सांगत नसे. ती स्वतः उठून शेणकुटे घेऊन येई.

ती कामावरही येत होती. खाली वाकवत नसे म्हणून मोगरी सोडून दिली होती. बसल्या बसल्या फोडलेल्या चिंचेच्या शिरा ओढी. एके दुपारी मी बाजूच्या झाडाखाली, बायकांच्या पाठीमागे, त्यांना दिसणार नाही अशी बसले होते. मोळीवाली उठली आणि फांदीचे एक टोक धरून ओढू लागली.

"मावशी, सोडा ती," जाऊ म्हणाली.

"का गं? पडून पडून उधई लागंल की हिला."

"अक्काचा दगड हाय."

"तुज्या अक्काला काय करायचीय बाज शेकायला?" मोळीवाली म्हणाली. दोघी-तिघी हसल्या. "लागनार तर तुला. तूच घिऊन जा की मग. कोन इचारतंय?"

जाऊ हात टेकत उठली, फांदीपर्यंत चालत गेली आणि तिच्यावर बसली.

"अक्काची हाय," ती म्हणाली. "तिला काय करायची त्ये ती बघंल. तुमी मोळी बांदा जावा."

"बया बया! ठेकेदार बसलाय जनू," मोळीवाली म्हणाली आणि आपल्या जागेवर गेली.

मला ते ऐकून बरे वाटले नाही. तिने फांदी एकदाही मागितली नव्हती. मागितली असती तर नाही म्हणता आले असते. तिच्याकडे आता नाव चांगले होते, पोट होते, सासूबाई होत्या. त्यात फांदीवरचा माझा हक्कसुद्धा तीच राखत बसली होती.

काम सुटेपर्यंत ती तिथून उठली नाही. शिरा ओढायची टोपली तिने तिथेच मागवून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिराची कुऱ्हाड घेऊन एकटी गेले. पडलेल्या लाकडाला कुऱ्हाड चालत असे. राखणदाराने विचारले, "आज मुहूर्त लागला व्हय?" चिंचेचे वाळलेले लाकूड लोखंडासारखे असते. फांदी दोन अंगांनी फुटली होती त्या दुबेळक्यापाशी तोडून दोन तुकडे व्हायला दुपार झाली. तुकडे साधारण सारखे होते. एक डोक्यावर घेतला आणि दगड पदराच्या ओटीत टाकला. घरी टाकून परत गेले आणि दुसरा आणला.

सासूबाई परसात उभ्या होत्या. माझ्याशी त्या थेट बोलल्या.

"दोन कशापायी केलं?"

"एक तिचा. एक माजा."

त्यांनी माझ्या ओटीतल्या दगडाकडे पाहिले आणि आत गेल्या. मी एक तुकडा फोडून त्याच्या ढलप्या केल्या. दुसरा परसाच्या कोपऱ्यात भिंतीला लावून आडवा ठेवला आणि त्याच्यावर दगड ठेवला.

अक्षय्य तृतीयेनंतर जाऊ बाळंत झाली. मुलगी झाली. बाजेखालच्या शेगडीकडे मी बघत होते. ते काम थोरल्या जावेचे, त्याला लेकुरवाळी लागत नाही. ऐन वैशाखात त्या खोलीत उभे राहवत नसे. जाऊ घामाघूम होऊन झोपे आणि मुलगी तिच्या कुशीत झोपे. मी निखारे वर-खाली करत दोघींकडे बघत बसे. सासूबाईंनी सांगितले होते ते खरे होते. रात्री राखेखाली झाकलेला विस्तव पहाटे लाल असे.

दोन वर्षांनी जाऊ पुन्हा गरोदर राहिली. महिने भरत आले तेव्हा सासूबाई परसात गेल्या आणि कोपऱ्यात बघत उभ्या राहिल्या. मी दारात होते.

"आत्याबाई," जाऊ आतून म्हणाली, "ह्या बारीला बाभूळच आना. त्ये अक्काचं हाय."

मला तेव्हाही तिचा राग आला. बाभळीची एक मोळी विकत घेतली. विस्तव पहाटेपर्यंत टिकत नसे. रात्री उठून लाकूड घालावे लागे, ते मी घाली. त्या वेळी मुलगा झाला.

१९३६ साली आम्ही शुक्रवार पेठेतली जागा सोडली. सासूबाई त्याआधी वारल्या होत्या. सामान हातगाडीवर चढवून झाल्यावर जाऊ परसात एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "अक्का, तेवडं ऱ्हायलं." मी जाऊन पाहिले. तुकडा कोपऱ्यात होता, दगड त्याच्यावर होता आणि लाकडाला कीड लागलेली नव्हती. एक टोक तिने धरले, एक मी.